संताजी-धनाजीची गोष्ट गेममध्ये कशी बांधायची: मराठा मॉडसाठी फाटे फुटणारे इव्हेंट

युरोपा युनिव्हर्सलिस फोर हा राज्यं चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी मराठे घेतलेत आणि दिल्लीपर्यंत धडक मारलीये, पण खेळताना एक गोष्ट सारखी खटकते की इथे नकाशा आहे, किल्ले आहेत, मुघल आहेत आणि माणसं मात्र नाहीत. जिंजीचा वेढा म्हणजे एक टक्केवारी, सेनापती म्हणजे चार आकडे. मग आपण मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर, करायला बसतो आणि पहिला इव्हेंट (खेळताना उघडणारी मजकूर आणि ऑप्शनची खिडकी) लिहितो तो असा, "१६८९ साल उजाडलं, संभाजीराजे पकडले गेले, स्थैर्य उणे दोन, ओके". ही झाली बातमी. गोष्ट नाही झाली. मी स्वतः असे तीसेक इव्हेंट लिहून ते सगळे पुसलेत, त्यामुळे आता जी पद्धत हाताला बसलीये ती नीट सांगतो, आणि उदाहरण सगळीकडे एकच घेतो म्हणजे धागा सुटणार नाही.

आधी गाठ शोधा, काळ नंतर

राजाराम महाराजांचा काळ घ्यायचा म्हटलं की १६८९ ते १७०० सगळं घ्यावंसं वाटतं. रायगडाचा वेढा, येसूबाई आणि शाहू मुघलांच्या हाती लागणं, महाराजांचा जिंजीपर्यंतचा प्रवास, केळदीच्या चन्नम्मा राणीने दिलेला आसरा, मागे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी हुकूमतपनाह, म्हणजे राजाच्या वतीने सर्वाधिकारी, म्हणून सांभाळलेला कारभार. एकेकावर मॉड होईल. पण एका साखळीत हे सगळं कोंबलंत की कशालाच वजन राहत नाही.

म्हणून अशी जागा शोधायची जिथे दोन चांगली माणसं एकाच वेळी बरोबर आहेत आणि तरी एकमेकांच्या आड येतायत. माझ्यासाठी ती जागा म्हणजे १६९५ ते १६९७. नोव्हेंबर १६९५ मध्ये संताजी घोरपडेने दोड्डेरीला कासिमखानाला कोंडून संपवलं, जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिम्मतखान पडला, म्हणजे दोन-तीन महिन्यांत औरंगजेबाचे दोन नावाजलेले सरदार गेले. आणि त्याच वर्षी संताजीचं महाराजांशी फाटलं, सेनापतीपद धनाजी जाधवकडे गेलं, मराठ्यांच्याच दोन फौजा आयेवारकुटीला भिडल्या, संताजी जिंकला, धनाजीच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर हाती लागला आणि त्याला हत्तीच्या पायी दिलं. अमृतरावची बहीण म्हसवडच्या नागोजी मानेच्या घरात दिलेली. १६९७ च्या जून महिन्यात शंभूमहादेवाच्या डोंगराच्या भागात नागोजीने संताजीला गाठून मारलं. ज्या माणसाच्या नावाने मुघल छावणीत धडकी भरायची त्याचा शेवट एका बहिणीच्या भावासाठी घेतलेल्या सुडात झाला, आणि त्याची सुरुवात कुठे झाली म्हणाल तर महाराजांच्या दरबारात, कोणाला किती मान द्यायचा या प्रश्नावर.

हा प्रश्न खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा. आपल्या सगळ्या साखळीचं काम एवढंच.

माणसांचे कागद

कोड उघडायच्या आधी वही घ्या, खरंच कागदाची वही घ्या, आणि प्रत्येक माणसाला एक पान द्या. त्या पानावर चारच गोष्टी: त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, तो कोणाचं देणं लागतो, आणि तो काय झालं तरी काय करणार नाही. शेवटचा मुद्दा बरेच जण सोडतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो कारण फाटा तिथेच फुटतो.

माझ्या वहीत संताजीच्या पानावर आहे: शिस्त हवी, कर्तबगारीप्रमाणे मान हवा, धनाजीशी बरोबरी केलेली चालत नाही, आणि महाराजांवर हात टाकणार नाही. हे शेवटचं मी एका हकीकतीवरून घेतलं, आयेवारकुटीनंतर महाराज त्याच्या ताब्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तोच हात बांधून त्यांच्यासमोर उभा राहिला असं सांगितलं जातं. जिंकलेला सेनापती हरलेल्या राजासमोर हात बांधून उभा. या एका चित्रावरून मला त्याचा पूर्ण स्वभाव मिळाला. धनाजीच्या पानावर: माणसं जोडून ठेवतो, सावध आहे, दरबाराचा कल ओळखतो, पण उघड अपमान विसरत नाही. राजाराम महाराजांच्या पानावर लिहिताना जपून, कारण सोप्या गोष्टीत त्यांना नुसतं दुबळं दाखवायची सवय पडलीये. ते वेढ्यात आहेत, तिजोरी रिकामी आहे, औरंगजेब आपल्या सरदारांना वतनांची लालूच दाखवतोय म्हणून त्यांनाही वतनं द्यावी लागतायत. इतक्या अडचणीत बसलेल्या माणसाला दोन्ही सेनानी हवेत, एकही गमावणं परवडत नाही. हे खेळणाऱ्याला जाणवलं पाहिजे, कारण खेळणारा त्यांच्याच जागी बसलाय.

नागोजी मानेलाही पूर्ण पान द्या. एका इव्हेंटपुरता खलनायक करून टाकू नका. त्याच्या घरात त्याची बायको रोज समोर बसलीये जिचा भाऊ हत्तीखाली गेला.

फाटे किती? हिशोब आधी करा

माझी पहिली मोठी चूक इथे झाली. प्रत्येक इव्हेंटला दोन ऑप्शन आणि प्रत्येक ऑप्शनला स्वतःचा पुढचा इव्हेंट असं झाड काढलं. सहा निर्णयांनंतर ६४ टोकं होतात. मी अकरा टोकांपर्यंत लिहिलं, चार महिने गेले, आणि चाचणीला बसलेल्या मित्राने एका खेळात त्यातले फक्त सहा इव्हेंट पाहिले. बाकीचं लिखाण कोणी कधी वाचलंच नाही.

त्यापेक्षा वेणीसारखं बांधा. पेड वेगळे होतात आणि पुन्हा गाठीत येतात. मुख्य गाठी ठरलेल्या असतात, म्हणजे दोड्डेरीनंतरचा दरबार, सेनापतीपदाचा निर्णय, आयेवारकुटी, अमृतराव, आणि शेवट. जवळपास प्रत्येक खेळणारा यातून जातो. बदलतं काय, तर तिथे पोचताना कोण कोणावर किती चिडलेलं आहे ते, आणि त्यावरून त्याच गाठीत दिसणारा मजकूर आणि ऑप्शन. खरे तुटून वेगळे होणारे फाटे दोन किंवा तीनच ठेवा आणि तेही शेवटाकडे.

हा राग मोजायला गेममध्ये व्हेरिएबल, म्हणजे आपण ठेवायचे बदलते आकडे, आहेत. मी दोनच ठेवलेत, "संताजी मान" आणि "धनाजी रोष", दोन्ही शून्य ते दहा, मान पाचवर सुरू आणि रोष दोनवर. सात आणि वर म्हणजे संताजी जीव टाकेल, चार ते सहा म्हणजे कुरकुर, तीन आणि खाली म्हणजे तो स्वतःचा मार्ग धरेल. यापेक्षा जास्त व्हेरिएबल केलेत तर तुमचाच तोल जाईल. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, या गेममध्ये व्हेरिएबल तपासताना "इतकं किंवा जास्त" असंच तपासलं जातं, त्यामुळे मान तीन किंवा खाली आहे का हे विचारायचं असेल तर "चार किंवा जास्त नाही" असं नॉट लावून लिहावं लागतं. माझे दोन दिवस यात गेलेत.

फ्लॅगचंही सांगतो, फ्लॅग म्हणजे अमुक गोष्ट घडली हे गेमला लक्षात ठेवायला लावणारी खूण. कंट्री फ्लॅग राज्याला चिकटतो आणि राजा बदलला तरी राहतो, रूलर फ्लॅग त्या राजाबरोबरच जातो. "महाराजांनी संताजीला भर दरबारात बोल लावला" हा रूलर फ्लॅग, कारण महाराज गेले की ते बोलही गेले. "अमृतराव हत्तीच्या पायी गेला" हा कंट्री फ्लॅग, कारण ते रक्त राज्यात मुरलंय, सिंहासनावर कोणीही असो. कुठला फ्लॅग लावायचा हे ठरवताना मी एवढंच विचारतो की ही आठवण नक्की कोणाची आहे.

एक इव्हेंट जवळून

दोड्डेरीनंतरचा दरबार कसा लिहिला ते दाखवतो. प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे, कुठल्या कागदात असा नोंदलेला नाही, पण भांडणाचं कारण खरं आहे. मजकूर असा:

"जिंजीच्या सदरेवर आज कोणी बसून बोलत नाही. संताजी घोड्यावरून उतरला तो थेट आत आला, अंगावर वाटेची धूळ तशीच. 'माझ्या पोरांनी कासिमखान बुडवला,' तो म्हणाला, 'आणि त्यांच्या घोड्यांना चंदी नाही. धनाजीच्या पागेत मात्र पोती उतरतायत.' धनाजी खांबापाशी उभा आहे. तो काही बोलत नाही. फक्त तुमच्याकडे बघतो."

ऑप्शन तीन. पहिला, "संताजी, पैसा उद्याच्या उद्या पोचेल". पैसे जातात, मान दोनने वर, रोष एकने वर. दुसरा, "सेनापती, सदरेवर आवाज चढवायचा नसतो". राजाची वैधता वाढते, मान दोनने खाली, आणि वर सांगितलेला रूलर फ्लॅग लागतो. तिसरा, "धनाजी, तुम्हीच सांगा काय करावं". यात वर वर काहीच जात नाही, ना पैसा ना वैधता, म्हणून नवखा खेळाडू हमखास हाच दाबतो. आत मात्र मान तीनने पडतो, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन माणूस आला त्यालाच तुम्ही न्यायाला बसवलंत.

ऑप्शन लिहिताना मी एक नियम कधीच मोडत नाही, प्रत्येक ऑप्शनने एका नावाच्या माणसाला काहीतरी लागलं पाहिजे. "प्रतिष्ठा दहाने कमी" याने कोणाला काही वाटत नाही. धनाजी फक्त बघतो आणि पुढे एका वर्षाने त्याचा परिणाम येतो, याने वाटतं. आणि तीन ऑप्शनपैकी एक उघड चांगला आणि बाकी दोन उघड वाईट असतील तर तो निर्णयच नाही, तो इव्हेंट बातमी करून टाका.

आकडे किती दाखवायचे? गेम सवयीने सगळे परिणाम टूलटिपमध्ये (ऑप्शनवर माउस नेल्यावर दिसणाऱ्या चौकटीत) दाखवतो, व्हेरिएबलसकट दिसलं तर मजा जाते, पण काहीच नाही दिसलं तर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून मी व्हेरिएबलचा बदल हिडन इफेक्टमध्ये, म्हणजे न दिसणाऱ्या भागात, ठेवतो आणि कस्टम टूलटिपने स्वतःची एक ओळ देतो, "संताजीच्या मनात हे राहील". एवढं पुरतं.

मजकूर आठ ओळींच्या वर नेऊ नका, इव्हेंटची खिडकी छोटी असते आणि लोक युद्धाच्या मध्यात वाचत असतात. आणि इतिहासाचा धडा देऊ नका. माणूस दारातून आत येतो, काहीतरी मागतो, कोणीतरी गप्प राहतं, इतकंच दाखवा.

काही निर्णय खेळाडूला देऊच नका

हे मला उशिरा कळलं आणि माझ्या मते पूर्ण साखळीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. अमृतरावचं काय करायचं हा निर्णय महाराजांचा नव्हता, तो संताजीचा होता. मग खेळाडूला तिथे ऑप्शन कशाला? मी तिथे एक लपलेला इव्हेंट ठेवलाय जो पडद्यावर दिसत नाही, त्यात रँडम लिस्ट, म्हणजे वजनांप्रमाणे चिठ्ठी काढणारी यादी, आहे. मान सात किंवा वर असेल तर संताजी अमृतरावला सोडण्याची शक्यता जास्त, तीन किंवा खाली असेल तर हत्ती जवळजवळ नक्की. खेळाडूला फक्त निरोप येतो. आणि त्या निरोपाच्या मजकुरात मी एक ओळ फ्लॅग बघून बदलतो, सदरेवर बोल लावलेला असेल तर निरोप्या सांगतो की संताजी म्हणाला, "माझा आवाज चढतो म्हणतात ना, मग हे आता शांतपणे करतो".

चाचणीत एक जण ही ओळ वाचून गेम थांबवून मागचा सेव्ह उघडायला गेला. तेव्हा मला खात्री पटली की बांधणी जमलीये. आपण केलेलं कृत्य दुसऱ्याच्या हातून परत आलेलं त्याला दिसलं होतं.

याच्या पुढे नागोजीचा इव्हेंट आहे. तो लगेच सोडायचा नाही. इव्हेंट पुढे ढकलताना दिवस आणि त्यावर रँडम दिवस देता येतात, मी २४० दिवस आणि वर १६० पर्यंत रँडम ठेवलेत. इतक्या दिवसांत खेळाडू दोन किल्ले घेतो, अमृतराव विसरतो, आणि मग म्हसवडहून बातमी येते. उशीर हेच इथलं हत्यार आहे. पण उशीर केलात की एक तपासणी पक्की हवी, मधल्या काळात संताजी लढाईत मेला असेल तर? खेळाडूने त्याला जनरल म्हणून काढून टाकला असेल तर? युद्धच संपलं असेल तर? प्रत्येक ढकललेल्या इव्हेंटमध्ये आधी "या नावाचा सेनानी अजून आहे का" हे बघा, नाव जनरल बनवताना दिलं त्याच स्पेलिंगने, एक अक्षरही इकडे तिकडे नको. नसेल तर साखळी बंद करणारा एक छोटा इव्हेंट द्या, दोन ओळींचा, पण द्या. मेलेला माणूस दरबारात बोलायला आला की तुमच्या सगळ्या मेहनतीवरचा विश्वास उडतो.

जनरल बनवताना आणखी एक, हालचालीच्या आकड्याचं जे इंग्रजी नाव कोडमध्ये आहे त्याचं स्पेलिंग गेमवाल्यांनीच चुकवलंय, ई आणि यू यांची अदलाबदल झालीये. तुम्ही शब्दकोशातलं बरोबर स्पेलिंग घातलंत की आकडा लागणार नाही. चुकीचंच लिहायचं.

तारखेला बांधू नका

"१६९६ साल आलं की इव्हेंट सोड" हा सोपा रस्ता आहे आणि तो गोष्ट मारतो. खेळाडूने १६९० मध्येच औरंगजेबाला हरवलं असेल तर जिंजीत अडकलेल्या राजाचा इव्हेंट कशाला? अटी परिस्थितीच्या ठेवा: मराठे आणि मुघल युद्धात आहेत, राजधानी शत्रूकडे किंवा वेढ्यात आहे, दोन्ही सेनानी जिवंत आहेत, संताजीच्या फौजेने मोठी लढाई जिंकलीये. साल फक्त ढोबळ कुंपण म्हणून. शक्य तिथे इव्हेंट "फक्त बोलावल्यावर" या प्रकारचा करा आणि लढाई जिंकणं, राजा जाणं अशा प्रसंगांना जोडा, गेम सतत तपासत बसत नाही आणि हळूही होत नाही.

समोरच्या बाजूलाही माणसं आहेत हे विसरू नका. जिंजीच्या वेढ्यात झुल्फिकारखान वर्षानुवर्षं बसला, आणि त्याच छावणीत शहजादा कामबक्ष मराठ्यांशी संधान बांधतोय म्हणून त्याला झुल्फिकारखान आणि त्याचा बाप असदखान यांनी कैद केलं. मुघल घेऊन खेळणाऱ्याला हे द्या! बादशहाच्या मुलाला कैद करणाऱ्या सरदाराचं बादशहाने काय करायचं? आपल्या दरबारातल्या संताजीच्या प्रश्नाची ही तिकडची जोडी आहे, आणि तिकडचा खेळाडू आपल्यासारखाच अडकला पाहिजे.

एआय मराठ्यांसाठी, म्हणजे मराठे कॉम्प्युटर खेळत असेल तेव्हासाठी, प्रत्येक ऑप्शनला वजन द्या. इतिहासात घडलं त्या वाटेला मी साधारण ६० देतो, बाकीच्यांना ४० वाटून. १०० दिलंत की मुघल खेळणाऱ्याला दर वेळी तीच गोष्ट दिसते.

फायली, नंबर आणि देवनागरी

मॉडच्या फोल्डरमध्ये इव्हेंटची फाईल वेगळी, मजकुराची वेगळी. इव्हेंटची फाईल एएनएसआय मध्ये, मजकुराची यूटीएफ-८ मध्ये (या दोन अक्षरं साठवायच्या पद्धती, सेव्ह करताना निवडायच्या) बीओएमसकट, म्हणजे फाईलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेसकट, आणि तिच्या नावाच्या शेवटी भाषेचं शेपूट हवंच. बीओएम विसरलात की मजकुराच्या जागी नुसती इव्हेंटची नावं दिसतात. गेमचे फॉन्ट देवनागरी दाखवत नाहीत, त्यामुळे मूळ मजकूर मराठीत वहीत लिहा, त्याची लय मराठीतच बसवा, आणि मग रोमन मराठीत किंवा इंग्रजीत उतरवा. मी रोमन मराठी ठेवलंय, वाचायला अडखळतं पण "चंदी" आणि "सदर" हे शब्द तसेच राहतात.

नंबर सलग देऊ नका. गाठींना १०, २०, ३० असे, मधल्या जागा नंतर सुचणाऱ्यांसाठी. लपलेल्या इव्हेंटला मी ५०० च्या पुढचे देतो म्हणजे एरर लॉगमध्ये, गेम चुका नोंदवतो त्या फाईलमध्ये, लगेच ओळखता येतात. आणि प्रत्येक फ्लॅगची एक यादी ठेवा, कुठे लागतो, कुठे वाचला जातो, कुठे पुसला जातो. लावलेला पण कुठेच न वाचलेला फ्लॅग म्हणजे खेळाडूला दिलेलं आणि मोडलेलं वचन.

चाचणी

कन्सोल (गेमला थेट आज्ञा द्यायची खिडकी) उघडून इव्हेंटचा नंबर टाकून प्रत्येक इव्हेंट एकेकटा बघा, मग एरर लॉग वाचा. त्यानंतर मुद्दाम वाईट खेळा: संताजीला पहिल्याच लढाईत मरू द्या, महाराजांना वेळेआधी जाऊ द्या, मुघलांशी अचानक तह करा, अमृतरावच्या निरोपानंतर धनाजीला काढून टाका. शेवटी गेम स्वतःशीच खेळत सोडा आणि किती वेळा कुठला शेवट येतो ते वहीत खुणा करत बघा. माझ्या पहिल्या फेरीत संताजी वाचलेला शेवट एकदाही आला नाही, वजनं बघितली तर मान वाढवणारे ऑप्शन तीन आणि पाडणारे आठ होते.

मग या साखळीचं शेपूट पुढे जोडा. महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर गेले, ताराबाईंनी मुलाच्या नावाने राज्य हाती घेतलं, औरंगजेब १७०७ मध्ये गेला, शाहू सुटून आले आणि त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंचा सेनापती शाहूंना जाऊन मिळाला. तो सेनापती धनाजीच. माझ्या मॉडमध्ये खेडचा इव्हेंट "धनाजी रोष" वाचतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी जिंजीच्या सदरेवर तो खांबापाशी उभा असताना तुम्ही कोणाकडे बघून बोललात, त्यावर तो खेडला कुठल्या बाजूला उभा राहतो ते ठरतं. पुढच्या वर्षी धनाजी वारला, त्याचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, त्याच्यासाठी मी ९० ते १४० नंबर रिकामे ठेवलेत.